यवतमाळला जेवायला

चिपळूणहून यवतमाळला कोणी फिरायला जात नाही. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या काकी दारात येऊन हळूच विचारून गेल्या, "कोणाचं काही झालंय का तिकडे?" मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला. परत आल्यावर वाचनालयातल्या बायकांनी विचारलं, "शैलावहिनी, काय बघितलंत एवढ्या लांब जाऊन?" मी "कापूस" म्हणाले आणि पुस्तक बदलून घरी आले. आता सवड आहे, आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांना नीट उत्तर द्यायचं राहिलं आहे, म्हणून लिहिते.

आधी आमची रीत सांगायला हवी. यांची नोकरी मुंबईला, टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्याची. मी गावी, सासूसासरे, शेत आणि बालवाडी सांभाळून. गणपतीला दहा दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात पंधरा, एवढाच आमचा संसार, आणि तोही माणसांनी भरलेल्या घरात. म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी यांनी एक ठरवलं. वर्षातून चार दिवस फक्त दोघांनी कुठेतरी जायचं. महाबळेश्वर आम्हाला परवडणार नव्हतं आणि यांना त्याची हौसही नव्हती. हे म्हणायचे, "रोज हजार गावांची नावं माझ्या हातातून जातात, त्यांतलं एकही मी पाहिलेलं नाही." मग त्या नावांतलंच एक निवडायचं. एसटी किंवा रेल्वेचा साधा डबा, स्टँडजवळचं लॉज, आणि तिथली माणसं जे खातात तेच खायचं. अशी आम्ही परभणी पाहिली, जालना पाहिलं, धुळे, लातूर, विजापूर. तिथे बघण्यासारखं काय होतं ते मला धड आठवत नाही. काय खाल्लं ते सगळं आठवतं.

निवृत्त होऊन हे गावी आले आणि तिसऱ्या वर्षी तोंडात गाठ निघाली. तंबाखू होतीच. जबड्याचा तुकडा आणि जिभेची एक कड काढली, मग किरणांचा शेक दिला. जीव वाचला, पण चव गेली. गोड, खारट, तिखट, सगळं सारखंच, ओला कागद चावल्यासारखं, असं हे सांगायचे. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. बोलणं जड झालं, मला कळायचं, परक्याला नाही. तिखटमिठाची चव लागत नव्हती, पण तोंडातल्या जखमांना ते झोंबायचं मात्र. मिक्सरमध्ये फिरवलेली पेज, एवढंच जेवण.

कार्तिकात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, "कुठे जायचं असेल तर आत्ता जाऊन या." बाहेर बाकावर बसून मी सुपारीच्या झाडाकडे बघत राहिले. हे म्हणाले, "बोरी अरब."

मला वाटलं यांचं डोकं फिरलं. पण ते गावाचं नाव होतं, यवतमाळ जिल्ह्यातलं. पत्रं टाकायच्या विदर्भाच्या खणांवर यांची बरीच वर्षं गेली होती. मारेगाव, घाटंजी, बोरी अरब ही नावं यांना पाठ. "बोरी कळतं. अरब कुठून आला, एवढं मला बघायचं आहे. आणि तिकडचं तू खायचंस. मी ऐकणार."

यवतमाळ

धामणगावला पहाटे गाडीतून उतरलो आणि एसटीने यवतमाळला पोचलो. बसमधून उजाडताना पाहिलं ते आमच्या डोळ्यांना ओळखीचं नव्हतं. आमच्याकडे नजर टाकावी तिकडे झाड किंवा डोंगर आडवा येतो. इथे काळी जमीन पार कडेपर्यंत पसरलेली, तिच्यावर वाळत आलेल्या पऱ्हाट्या आणि त्यांना फुटलेला कापूस. मधूनच पिवळ्या फुलांच्या तुरीची ओळ. थंडी बोचरी आणि कोरडी. यांनी मफलर तोंडावरून घेतला होता, निम्मं थंडीसाठी आणि निम्मं लोकांसाठी.

लॉजमध्ये सामान टाकून खाली उतरलो. कोपऱ्यावर एका गाडीवर पोह्यांचा डोंगर रचलेला होता आणि शेजारी पातेल्यात लाल तर्री उकळत होती. पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा ओतून द्यायचा, अशी इकडची पद्धत. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं नसेल तर माणसं रुसतात. मी एक प्लेट घेतली.

"सांग," हे म्हणाले.

"तिखट आहे."

"तिखट कुठे? टोकाला की घशात?"

"घशात. आधी कळत नाही, मागून येतं. रश्श्यात काहीतरी भाजलेलं आहे, खसखस असावी."

"पोहे जाड की पातळ?"

मी सांगत होते आणि हे डोळे मिटून ऐकत होते. गाडीवाला हातातला झारा थांबवून आमच्याकडे बघत होता. "काका काहून नाही खाऊन राह्यले?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "उपास आहे त्यांचा." तो म्हणाला, "आज कायचा उपास जी?" उरलेले पोहे कसेबसे गिळले.

थोडं पुढे एका दुकानात सांबारवडी अशी पाटी होती. इडलीबरोबरच्या सांबारात बुडवलेली वडी असणार असं समजून मी मागवली, तर आत कोथिंबीर भरलेली कुरकुरीत वडी आली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. मी हे यांना सांगितलं तेव्हा हे हसले. हसताना तोंडाची उजवी बाजू ताणली जाऊन दुखायची, म्हणून गालाला हात धरून हसले. त्या सहलीतलं ते पहिलं आणि जवळजवळ शेवटचं हसू.

पेज करायला मी घरून लहान मिक्सर आणला होता. दुपारी लॉजवर हॉटेलातून आणलेलं वरण-भात त्यात घातलं, बटण दाबलं, आणि ठिणगी उडून सगळ्या मजल्याची वीज गेली. मॅनेजर वर आला. भला माणूस होता, ओरडला नाही, पण "इथं स्वयपाक नाही चालत, बाई" एवढं म्हणाला आणि तार बघायला निघून गेला. हे सकाळपासून फक्त दुधावर होते. मिक्सर पिशवीत घालून मी रस्त्यावर आले, हे माझ्या मागे. दोन हॉटेलांत विचारलं. एकाने ऐकूनच घेतलं नाही, दुसऱ्याने गर्दीकडे बोट दाखवलं.

तिसरी खानावळ गल्लीत आत होती, चार बाकांची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पंचशील ध्वजाची लहान पताका. माझ्याच वयाची एक बाई भाकऱ्या थापत होती. मी अर्धंच वाक्य बोलले असेन. तिने यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "तोंडाचं झालं का जी काकाले?"

एवढ्या दिवसांत असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"बसा. मिक्सर राहू द्या, माहा हाये. मी करून देतो."

इकडे बायकाही 'मी करतो', 'मी येतो' असंच बोलतात. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. तिने भात-वरण फिरवून, गाळून, कोमट करून यांच्यापुढे ठेवलं. वर एक लहान चमचा, मुलांना देतात तसा. यांच्या तोंडात मोठा चमचा जात नाही हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्या मनातलं ओळखून ती म्हणाली, "माह्या नवऱ्याले झालतं. तंबाखूचा खर्रा खाये तो. चार वर्सं झाले जाऊन."

तिचं नाव सुजाताबाई. त्या दिवसापासून आमचं जेवण तिच्याकडे.

बोरी अरब

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याकडे जाणाऱ्या एसटीने बोरी अरबला गेलो. यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्याची पाटी वाचत होते. एखादं नाव ओळखीचं निघालं की माझ्या हातावर बोट आपटायचे.

गाव मोठं आहे. बाजाराची जागा, शेतीच्या औषधांची दुकानं, कापसाने भरलेली गाडी, उन्हात बसलेली म्हातारी माणसं. ज्यासाठी कोणी सातशे-आठशे किलोमीटर येईल असं तिथे काही नव्हतं. हे मात्र टपाल कार्यालयाच्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. पाटीवरची अक्षरं हाताने लावून पाहिल्यासारखी बोटं हलवत होते. आत काही गेले नाहीत.

मग चहाच्या टपरीवर आलो. यांनी टपरीवाल्याला स्वतः विचारलं, "गावाच्या नावात अरब कसा काय?" मला शब्द नीट कळले. त्याला फक्त घुर्र असा आवाज ऐकू आला असणार. यांचा तोलही जरा गेला होता, उन्हामुळे. टपरीवाला बाकावरच्या माणसांकडे बघून म्हणाला, "सकाळीच घेऊन आले वाट्टे बाबा." दोघं-तिघं हसले.

यांनी मफलर नाकापर्यंत वर घेतला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

मी टपरीवाल्याला काय झालंय ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "माफ करा, बाई. मले काय मालूम," असं म्हणत तो रस्ता ओलांडून गेला, यांचा हात धरून घेऊन आला, बाकावरच्या माणसांना उठवून यांना बसवलं. मग सगळ्यांनी मिळून नावाचा खुलासा सुरू केला. एक म्हणाला, पूर्वी इथे कोणी अरब घोड्यांचा व्यापार करायचा. दुसरा म्हणाला, घोडे कायचे, शिपाई होते अरब. तिसरा, सगळ्यांत म्हातारा, म्हणाला, "नाव हाये ते. नावाले कायचं कारण?" हे सगळ्यांचं मान डोलावून ऐकत होते. पण डोळ्यांत सकाळचा उत्साह नव्हता. इतकी वर्षं जपलेली गोष्ट आपण येऊन खर्चून टाकली, असं काहीतरी तोंडावर दिसत होतं.

टपरीवाल्याने माझ्यापुढे गरम आलूबोंडे ठेवले. हे म्हणाले, "सांग."

मी बोंडा मोडला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, "बटाटा मऊ आहे. मिरची आहे. चांगला आहे."

"तू खाल्लाच नाहीस."

"खाल्ला की."

"शैला, मी आंधळा नाही झालेलो."

परतीच्या बसची वाट बघत आम्ही लिंबाखाली उभे होतो, आणि तिथे माझा बांध फुटला. "मला नाही होत हो तुमच्यासमोर खायला. घास फिरतो तोंडात. तुम्ही कोरड्या तोंडाने बघत बसायचं आणि मी मिटक्या मारायच्या? कसली ही सहल? घरी चला."

यांनी मफलर खाली ओढला. मग एकेक शब्द सोडवून म्हणाले, "मी गेल्यावर काय करणार आहेस? चूल विझवून बसणार?"

"बसेन."

"मग माझं येणं फुकट गेलं."

त्यानंतर यवतमाळ येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सुजाताबाईकडेही मी "पोट बिघडलंय" म्हणून ताट परत केलं. खरं सांगायचं तर गेले सात-आठ महिने हेच चाललं होतं. हे झोपले की मी स्वयंपाकघरात उभ्याने दोन घास ढकलायची, चूळ भरून बाहेर यायची, आणि हे विचारायचे, "जेवलीस?" तेव्हा "भूकच नव्हती" म्हणायची. अंगावरची पोलकी सैल झाली होती. माझ्या वजनाकडे यांचं लक्ष होतं हे मला तिथे, त्या लिंबाखाली, पहिल्यांदा कळलं.

घाटंजी

तिसऱ्या दिवशी खानावळीला सुट्टी. घाटंजीचा आठवड्याचा बाजार होता आणि सुजाताबाईचं माहेर तिथलंच. मिरची, लसूण ती तिथूनच आणते. "चाला माह्यासंगं," ती म्हणाली. "लॉजात बसून कराल काय?" हे लगेच तयार झाले. माझ्याशी अजून तुटक बोलत होते, पण बसमध्ये खिडकीची जागा मला दिली.

तो रस्ता मला अजून दिसतो. दोन्ही बाजूंना कापसाची वावरं, त्यांत कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बायका. ओटीत कापूस भरत गेला की पोटुशी बाई चालावी तशा त्या चालतात. लांबून सगळं पांढरं आणि शांत दिसतं. सुजाताबाई म्हणाली, "लांबून मऊ दिसते. बोंडाचे काटे बोटाले लागते, बोटं फाटते. मी पंधरा वर्सं वेचला." तिने हात पुढे केला. नखांच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा होत्या.

बाजार आमच्या आठवडी बाजारासारखाच, फक्त ओली मासळी नाही. वाळलेल्या मिरच्यांचे ढीग, त्यांचा तिखट वास नाकात जाऊन मी शिंकत सुटले. टोमॅटोला इकडे भेदरं म्हणतात. शेतमजुरीला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात मधूनच कोलामी, मधूनच बंजाऱ्यांची बोली ऐकू यायची. जवस विकणारी एक म्हातारी यांच्याकडे बघून म्हणाली, "काहून तोंड झाकलं रे बावा, थंडी वाजते का?" हे मान हलवून हो म्हणाले. म्हातारीने मूठभर जवस माझ्या पिशवीत टाकले आणि पैसे घेतले नाहीत.

माहेरचं घर बाजारापासून जवळ, विटांचं, दोन खोल्यांचं. भाऊ-भावजय कापूस वेचायला गेलेले. सुजाताबाईने अंगणात बाज टाकली, यांना उन्हात बसवलं आणि आत चूल पेटवली. डाळकांदा शिजायला घातला. तव्यावर हिरव्या मिरच्या भाजून, लसूण घालून तिने ठेचा रगडला. मी नुसती बसले होते, पण वासाने तोंडाला पाणी सुटलं. इतक्या महिन्यांत भूक अशी कधी आली नव्हती, आणि ती आली याचीच मला लाज वाटली.

यांच्यासाठी तिने ज्वारीच्या कण्या शिजवल्या, दूध घालून पातळ केल्या, फडक्यातून गाळल्या. वाटी घेऊन मी अंगणात गेले. यांनी चमचा तोंडात घातला, थांबले, दुसरा घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"मीठ लागलं गं."

"काय?"

"मीठ. खारट लागलं. जिभेच्या मागे, थोडंसं." हे तिसरा चमचा घेत होते. "बेताचं पडलंय. चांगलं झालंय."

डॉक्टर म्हणाले होते, क्वचित एखाद्याची चव परत येते. मी धावतच आत गेले. "सुजाताबाई, यांना मीठ लागलं! चव आली!"

तिचा भाकरीवरचा हात थांबला. मग अगदी हळू, अंगणात ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बाई, मीठ मी टाकलंच नाही. झोंबते न तोंडाले. आमी माह्या नवऱ्याले कधी मीठ नाही देल्लं."

मी पातेल्यातल्या कण्या बोटाने चाटून बघितल्या. अळणी. लहान बाळाच्या पेजेसारख्या.

मी चुलीपुढेच खाली बसले. तिने भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली. मग पदराला हात पुसून माझ्याजवळ बसली.

"तुमी त्याह्यच्यासमोर जेवत नाही न?" तिने विचारलं. "काल बी नाही जेवल्या. मले समजलं."

मी बोटावरची कणी पदराला पुसली.

"मी बी नाही जेवो. आठ महिने. तो बाजीवर पडून राहे, मी दाराआड उभी राहून खाये. मले वाटे, त्याले दिसलं तर वाईट वाटन. एक दिवस बोंबील भाजले होते, लय दिवसांनी. दाराआड खाऊन राह्यलो होतो अन् सहज पाह्यलं, तर त्याची नजर माह्यावरच. मले पाह्यलं अन् त्यानं डोये मिटून घेतले. झोपल्यावानी केलं. दोन दिवसांनी गेला." चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं. "त्याले काय वाटलं असन, सांगा. की हिले भूक लागते, अन् ही माह्यापासून लपून खाते. जसा काई मी परकाच हावो. तेवढं मले आजबी जात नाही. बाकी सारं गेलं."

तिने ताट वाढलं. दोन भाकऱ्या, डाळकांदा, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार, कांदा. माझ्या हातात दिलं आणि दाराकडे मान केली.

मी अंगणात गेले. यांच्यासमोर, बाजेच्या पायथ्याशी मांडी घालून बसले. भाकरी मोडली, ठेचा लावला आणि खाल्ला. जीभ पेटली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकातूनही. त्यातलं मिरचीचं किती आणि माझं किती, ते मला ठाऊक नाही. मी थांबले नाही. डाळकांद्याला तेल सुटलं होतं, डाळ दाताखाली यायची. मी दोन्ही भाकऱ्या संपवल्या आणि तिसरी मागून घेतली. यांनी वाटी मांडीवर ठेवली होती आणि माझ्या हाताकडे, तोंडाकडे बघत होते. काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. अंगणाच्या कडेला एक कोंबडी माती उकरत होती, बाजारातला गलका ऐकू येत होता. माझं ताट रिकामं झालं तेव्हा यांनी एक लांब श्वास सोडला, आणि बाजेवर आडवे झाले. लगेच झोप लागली.

निघताना सुजाताबाईने मला मिरच्यांची पुडी दिली. यांना तिने नमस्कार केला. "काका, अजून या," म्हणाली. हे म्हणाले, "तुमच्या हाताला चव आहे." हे शब्द मात्र तिला स्पष्ट कळले. ती वळून पटकन घरात गेली.

परत

चौथ्या दिवशी कळंबचा गणपती बघायचा होता, आणि टिपेश्वरचं जंगल निदान कडेवरून. त्यातलं काहीच झालं नाही. सकाळी यांना ताप होता. लॉजच्या मॅनेजरने स्वतः रिक्षा आणली, गोळ्या आणल्या. दुपारच्या बसने धामणगाव गाठलं. यवतमाळचं जे बघण्यासारखं आहे असं म्हणतात ते आम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तर बघून या. थंडीत जा. आणि कोणी सांबार म्हटलं तर कोथिंबीर समजा.

गाडीत हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होते. मिठाचं विचारावं असं दोनदा मनात आलं. नाही विचारलं. यांनी आयुष्यात माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि बोलले ते एवढं एकच. ते उघडं पाडून मला काय मिळणार होतं?

घरी आल्यावर मी पेजेत मीठ घालणं बंद केलं. हे रोज पहिला चमचा घेऊन म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." मी म्हणायची, "हो ना?" आणि माझं ताट घेऊन समोर बसायची. सव्वादोन महिने असं चाललं. माझी पोलकी पुन्हा अंगाला बसू लागली.

हे फाल्गुनात गेले. बाराव्यानंतर मी सुजाताबाईला फोन केला. ती ओळखीचा आवाज ऐकून आधी आनंदली, मग माझ्या गप्प राहण्यावरून तिला कळलं. मग तिने एवढंच विचारलं, "शेवटच्या दिशी जेवल्या होत्या का, बाई? त्याह्यच्यासमोर?"

मी तिला सांगितलं ते असं. त्या दुपारी यांच्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं. नणंद आली होती, तिने मला बाहेर बोलावून म्हटलं, "वहिनी, तुम्ही आत स्वयंपाकघरात दोन घास खाऊन घ्या." मी बांगड्याची आमटी आणि भात वाढून घेतला आणि खाटेसमोर येऊन बसले. नणंदेने तोंड फिरवलं. यांची मान माझ्याकडे होती. डोळे उघडे होते. मला बघत होते की नुसतेच उघडे होते, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. मी हळूहळू जेवले. काटे काढून, बोटं चाटून, शेवटच्या शितापर्यंत.

संध्याकाळी हे गेले.

फोनवर पलीकडे सुजाताबाई रडत होती.